जोडीतला दुसरा ब्रोच

कुमुदमावशींच्या घरात चिंच नसायची.

बाकी सगळं असायचं. वाईहून भाचीने पाठवलेला गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, फ्रीजरमध्ये खवलेला नारळ आणि त्यावर तारीख. पण वाईच्या बाईची आमटी आणि तिच्यात चिंचेऐवजी लिंबू, हे माझ्या पुणेरी जिभेला काही पटेना. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी सभ्यपणे गप्प बसले. दुसऱ्यांदा विचारलं. "चिंच मी घरात ठेवत नाही," एवढंच म्हणून त्यांनी मला आणखी भात वाढला. मला वाटलं, ॲसिडिटी. साठी ओलांडलेल्या मराठी माणसाच्या बहुतेक निर्णयांमागे ॲसिडिटी असते अशी माझी तेव्हा समजूत होती. खरं कारण कळायला दोन वर्षं लागली, आणि ते निघालं एका शेतातून.

इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आम्ही भाड्याने घर घेतलं, त्याच्या शेजारचं घर त्यांचं. मी तिथल्याच एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणं हा माझा व्यवसाय आहे, आणि नवऱ्याच्या मते स्वभावही. तर राहायला येऊन तीनच आठवडे झाले होते. मागच्या लॉनवर कपडे वाळत घालताना आईने दिलेल्या कुड्यांपैकी एक कुडी कानातून कुठेतरी गळून पडली. मी गवतात चार पायांवर फिरत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "अहो, हलू नका. आहात तिथेच थांबा."

मी थांबले. बाजूच्या दारातून एक साठी-पासष्टीच्या बाई आल्या. अंगात सलवार-कमीज, वर मातकट रेनकोट, गुडघ्यांना फरशी बसवणारे बांधतात तसले पॅड, कमरेला खुरपं आणि हातात लांब दांड्याचं, खाली थाळी असलेलं, धातू शोधायचं यंत्र. त्यांनी उजव्या कानातलं ऐकू यायचं मशीन काढून रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं आणि मोठे हेडफोन चढवले. मग माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्या लॉनच्या एका टोकापासून चालू लागल्या. थाळी गवतावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे, शेणाने अंगण सारवावं तशी. मध्येच गुडघ्यावर बसल्या, गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून दारासारखा उघडला आणि आतून बाटलीचं झाकण काढलं. पुन्हा बसल्या, एक स्क्रू निघाला. तिसऱ्या वेळी कुडी.

मी आनंदाने पुढे झाले, तर त्यांनी हात वर करून मला थोपवलं. आधी तिन्ही ठिकाणचं गवत पूर्ववत बसवलं, बुटाने दोनदा दाबलं. मग खिशातून छोटी पिशवी काढून कुडी आत टाकली, वर पेनाने तारीख लिहिली, जागा लिहिली, आणि "खोली: गवतातच" असंही लिहिलं. ती पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "दुसरी आहे ना नीट? जपा. एकट्या कुडीला काही अर्थ नसतो."

ही आमची ओळख. पुढच्या रविवारी त्या मला अगं-तुगं करू लागल्या आणि मी त्यांना मावशी.

मावशींनी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं रक्त तपासलं होतं. "या गावातल्या निम्म्या लोकांचं रक्त माझ्या हाताखालून गेलंय," हे त्या इतक्या सहज सांगत, की सुपरमार्केटच्या रांगेतला माणूस दचकून वळून बघे. लॅबचं एक वळण मात्र निवृत्तीनंतरही सुटलं नाही. लेबल. लेबल नसलेली नळी म्हणजे केराची नळी, असं त्यांनी म्हणे तीस वर्षं नव्या मुलींना घोकवलं. त्यामुळे घरात ज्यावर त्यावर लेबल. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची त्यांच्याकडे उतरंड होती. अर्ध्यांत डाळी-पिठं, अर्ध्यांत जमिनीतून निघालेल्या वस्तू, आणि दोन्हींवर सारख्याच अक्षरात सारखाच मजकूर: काय, कुठे मिळालं, कधी, साफ केलं का. एकदा मी मेथी समजून डबा उघडला तर आत बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या होत्या. "वाचत जा गं," एवढंच त्या म्हणाल्या.

यंत्र खरं तर काकांचं, म्हणजे मावशींच्या यजमानांचं. त्यांनी निवृत्तीच्या वेळी हौसेने घेतलं, दोनदा वापरलं आणि गॅरेजमध्ये टाकलं. काका गेल्यावर गॅरेज आवरताना मावशींनी ते बाहेर काढलं. टाकून द्यायचं तर चालतं का बघावं म्हणून बागेत फिरवलं, आणि वाफ्यातून एक जुनं बटण निघालं. "मी ते तासभर हातात धरून बसले," त्या सांगायच्या. "म्हटलं, हे ज्याच्या कोटाचं होतं तो घरी गेल्यावर बायको काय बोलली असेल?" त्यांची सगळी उत्सुकता ही अशी होती. वस्तू किती जुनी आणि केवढ्याची, यात त्यांना फारसा रस नव्हता. कुणाची, कशी पडली आणि पडल्याचं त्या माणसाला कधी कळलं, हे त्यांना हवं असायचं. त्या म्हणत, "पडलं तेव्हा कळलं नाही, म्हणून तर आपल्याला मिळालं."

पण इथे कुणाच्याही शेतात यंत्र घेऊन शिरता येत नाही. शेतकऱ्याची परवानगी लागते. या छंदातली माणसं त्या शेतालाच 'माझी परमिशन' म्हणतात. मावशींनी गावाबाहेरच्या किती शेतकऱ्यांची दारं वाजवली कोण जाणे. सलवार-कमीज घातलेली, हातात लाडवांचा डबा आणि काखेत यंत्र अशी बाई दारात बघून लोक काय विकायला आलीये या संशयाने दार लावून घ्यायचे. शेवटी डेरेक नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दार लावायच्या आधी जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, "मी तुम्हाला कुठे पाहिलंय?"

"मला नाही," मावशी म्हणाल्या, "पण मी तुमचं रक्त पाहिलं असेल. तुमची शुगर कशी आहे?"

शुगर वाईट होती. तरी डेरेकने एक लाडू खाल्ला आणि टेकडीखालचं लांबट शेत मावशींना मोकळं करून दिलं. कापणी झाली की पेरणीपर्यंत हवं तेवढं फिरा, फक्त एकही खड्डा दिसता कामा नये. मावशींची ही परमिशन. खडूसारख्या पांढुरक्या मातीचं, गारगोट्यांनी भरलेलं, घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर. तिथून काही मैलांवर रोमन काळातलं एक ओसाड शहर आहे, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. तेव्हा त्या बाजूने लोकांची ये-जा असणार, हे मावशींचं गणित होतं.

कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि शनिवारी सकाळी त्यांना शेतावर सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी गाडीत लॅपटॉप उघडून बसायचे आणि काचेतून त्यांना बघायचे. माझ्यासारखीला वेड लागेल इतक्या सावकाश त्या चालायच्या. बांबूच्या काड्या रोवून, दोरी बांधून एकेक पट्टा आखलेला असायचा. लोखंड लागलं की यंत्र घोगरं बोलतं, तांबं-पितळ-चांदी लागली की बारीक, स्वच्छ. सकाळभर चालून मिळायचं काय, तर ट्रॅक्टरचे नट, कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या, कधी एखादं झिजलेलं नाणं. कड्यासुद्धा त्या टाकत नसत. त्यांचा वेगळा डबा होता, लेबल "अलीकडचा इतिहास".

त्या असं नेमकं काय शोधताहेत, असा प्रश्न मला खूप दिवस पडला नाही. मला वाटे, जे मिळेल ते.

मग एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं. मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि आरती यांच्या मध्ये. पडद्यावर फोटो लावून मावशी बोलत होत्या आणि प्रेक्षक आपल्या मुलांच्या मिशा पुसत होते. पहिला प्रश्न अर्थातच सोनं सापडलं का. दुसरा एका तरुणाचा, नुकताच जवळच्या ब्रॅकनेलला बदलून आलेला. "मावशी, नो ऑफेन्स, पण यांची हिस्टरी आपण कशाला उकरायची?"

"अरे, चाळीस वर्षं इथलं पाणी पिते मी," मावशी म्हणाल्या. "शेजारी आधी कोण राहत होतं हे बघायला नको?"

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक काकू उठल्या. पडद्यावर हिरव्या-काळ्या वस्तूंच्या ओळीत एक छोटा, लांबोडका ब्रोच होता, सोन्यासारखा लखलखीत. काकू म्हणाल्या, "कुमुदताई, हा एक बघा कसा सुरेख दिसतोय. बाकीचे असे कळकट का ठेवलेत? चिंच-मीठ लावा की सगळ्यांना. दोन मिनिटांचं तर काम."

मावशींचा हात माउसवर थांबला. "हो," त्या म्हणाल्या, "दोनच मिनिटं लागतात." आणि पुढचा फोटो लावला.

परत येताना गाडीत त्या मोटरवेवरून बाहेर पडल्यावर आपणहून बोलल्या.

"तो ब्रोच मीच घासलाय. पहिलंच वर्ष होतं माझं. डेरेकच्या शेतात मिळाला, करंगळीएवढा, मातीने लडबडलेला. दिवाळीचा आठवडा. सिंकपाशी समया, निरांजनं घासायला काढलेली, पातेल्यात चिंच भिजलेली. निरांजन घासलं, पळी घासली, ताम्हन घासलं आणि त्याच हाताने हाही घेतला. विचार म्हणून केला नाही गं. माझी आई घासायची तसे माझे हात चालत होते. जुना टूथब्रश घेऊन खाचाखाचातलं सगळं काढलं. पाण्यात काहीतरी निळसर उतरत होतं. मी म्हटलं, बरी घाण निघतेय."

"काय होतं ते?"

"मीनाकारी," त्या म्हणाल्या. "सतराशे-अठराशे वर्षं जमिनीत टिकलेली."

मी गाडीचा वेग कमी केला.

"मग हेलनकडे घेऊन गेले. शाबासकी मिळेल म्हणून."

हेलन ही आमच्या काउंटीची नोंद-अधिकारी. लोकांना जमिनीत मिळालेल्या जुन्या वस्तू बघायच्या, त्यांची रीतसर नोंद करायची आणि परत द्यायच्या हे तिचं काम. महिन्यातून एकदा ती लायब्ररीत टेबल मांडून बसते.

"तिने भिंगातून बराच वेळ बघितलं. म्हणाली, इट्स व्हेरी ब्राइट. आणि मध्येच विचारलं, कुमुद, चहा घेणार का? इंग्रज माणसाने मध्येच चहाचं विचारलं की समजावं, रिपोर्ट वाईट आहे. मग तिने मला भिंग दिलं. एका खाचेच्या कोपऱ्यात निळ्याचा एक कण उरला होता, मोहरीहून लहान. म्हणाली, हा सगळा रंगीत होता. नक्षी काय होती, कुठले कुठले रंग होते, ते आता कळायला मार्ग नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं गं. तीस वर्षं मी लॅबमध्ये कुणाला नमुन्याला उघडं बोट लावू दिलं नाही, आणि हे धुवून सिंकमध्ये सोडलं."

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी चिंचेचा गोळा केरात टाकला होता. तेव्हापासून आमटीत लिंबू.

मग मला बाकीचंही कळलं. त्या ब्रोचच्या वरच्या टोकाला एक कडी होती आणि कडीत साखळीचा तुटका दुवा अडकलेला होता. त्या काळच्या बायका असे दोन ब्रोच लावत, दोन खांद्यांवर दोन, मध्ये साखळी. दोन्ही एकाच हातचे, एकाच नक्षीचे. साखळी अडकलेली असतानाच तो पडला असेल तर दुसराही त्याच शेतात असण्याची शक्यता होती. नांगराने फार तर इकडेतिकडे ओढला असेल.

"तो मिळाला तर याचं कळेल," मावशी म्हणाल्या. "मी पुसलेलं परत लिहिता तरी येईल."

इथेच वाढलेली त्यांची मुलगी रोहिणी लग्न होऊन लीड्सला गेली होती. तिच्या रिकाम्या खोलीच्या भिंतीवर मावशींनी मला त्या शेताचा नकाशा दाखवला. आलेखाच्या कागदांचे तुकडे चिकटवून केलेला, ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. चाललेल्या ओळीतला प्रत्येक ठिपका रंगवलेला. नऊ वर्षांचे नऊ रंग. यंत्रवाल्यांच्या क्लबमधले म्हातारे त्यांची थट्टा करत, कुमुद, तुझा दुसरा ब्रोच केव्हाच नवऱ्याला सोडून फ्रान्सला गेला. मीही माझं शहाणपण दाखवलंच. म्हटलं, मावशी, शक्यता फार कमी आहे.

"तू ऑफिसात कधी सांगतेस का, या प्रोग्रॅममध्ये चूक नाही म्हणून?"

"नाही. सापडली नाही, एवढंच सांगते."

"मग मीही तेवढंच म्हणतेय."

पुढच्या वर्षी जुलैमध्ये डेरेक स्वतः घरी आला. मावशींच्या खुर्चीत बसून, टोपी हातात फिरवत, त्याने शेत विकल्याचं सांगितलं. मुलांना शेती नको होती. तिथे घरं होणार, नोव्हेंबरात कुंपण पडणार. मावशींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणखी एक लाडू दिला आणि विचारलं, "कापणी कधी?"

रोहिणीचा रोज फोन. "आई, तू ऐकत नाही. तुझा हिप बघ, तुझी कान बघ. लीड्सला ये, इथे पण फील्ड्स आहे." मावशी म्हणायच्या, येते, नोव्हेंबरात.

नकाशावर आता फक्त कडेच्या झुडपांलगतच्या ओळी पांढऱ्या होत्या. तिथे जुन्या तारांचं कुंपण गंजून मातीत मिसळलं होतं. यंत्र पावलोपावली घोगरं ओरडायचं, म्हणून मावशींनी तो पट्टा इतकी वर्षं शेवटासाठी ठेवला होता. सप्टेंबरभर त्या तिथे होत्या. एका पावलाला दहा मिनिटं. प्रत्येक तुकडा उकरून काढायचा, डब्यात टाकायचा, माती परत दाबायची. मी सुट्ट्या टाकल्या. का टाकल्या, हे मला ऑफिसात धड सांगता आलं नाही. मलाही तो दुसरा ब्रोच हवा होता, इतका, की मला स्वतःचंच नवल वाटे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मी गाडीत होते. मावशी गुडघ्यावर बसलेल्या दिसल्या, नेहमीसारख्या. पण उठेनात. मी धावत गेले. त्यांनी मातीचं ढेकूळ अख्खं उचलून दोन्ही तळहातांवर धरलं होतं. ढेकळाच्या कडेला एक हिरवट टोक आणि त्यावर छोटी कडी, एवढंच दिसत होतं. हेडफोन अजून कानावरच होते, ते मी उतरवले.

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी टोपण उघडून म्हटलं, "थोडं पाणी घालून बघू या? नुसतं वरवर?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी असं पाहिलं, जणू त्या मला फार वर्षांपासून ओळखत होत्या. "नको गं," एवढंच म्हणाल्या. मी टोपण लावलं. मला माझीच भीती वाटली.

ढेकूळ त्यांनी श्रीखंडाच्या डब्यात ठेवलं, भोवती तिथलीच ओली माती भरली, झाकण लावलं, जागेचा नकाशा-क्रमांक लिहिला. आणि मग परत गुडघ्यावर बसून खड्डा बुजवू लागल्या.

"मावशी, पंधरा दिवसांत इथे जेसीबी येणारेत. खड्डा कशाला बुजवताय?"

"खड्डा माझा आहे," त्या म्हणाल्या, आणि बुटाने दोनदा दाबलं.

हेलनचा लायब्ररीतला दिवस अकरा दिवसांनी होता. तोवर डबा फ्रीजमध्ये, दह्याच्या शेजारी. लेबल मराठीतून: "उघडू नये. कुमुदनेही." नेमकी तीच दिवाळी. मावशींनी त्या वर्षी समया काळ्याच लावल्या.

लायब्ररीत हेलनने डब्यात डोकावून पाहिलं आणि तिला कडी दिसली. तिने मावशींचा हात धरला. थोडी माती इथेच काढू या का, म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, तुमच्या लॅबला काढू दे, माझ्यासमोर नको. आणि या खेपेला त्यांनीच हेलनला चहाचं विचारलं.

एक्स-रे, मग साफसफाई, मग आणखी कुठली तपासणी, यात वसंत आला. मावशींनी लीड्सला जाणं पुढे ढकललं, आणि रोहिणी माझ्याशीही थोडी तुटक बोलू लागली. एप्रिलमध्ये हेलनची ईमेल आली तेव्हा मावशींनी मला हाक मारली, कारण त्यांना फोटो एकटीने उघडायचा नव्हता. मी उघडला. हिरव्यागार ब्रोचवर खाली खाली बारीक होत गेलेल्या पाकळ्या, एक निळी, एक लाल, एक निळी, एक लाल.

मावशी स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या.

"लाल पण होता," मग त्या म्हणाल्या. "लाल होता गं. मला नुसतं निळंच माहीत होतं."

डेरेकने आणि त्यांनी मिळून जोडी गावच्या म्युझियमला देऊन टाकली. हेलन पहिल्या ब्रोचची नोंद सुधारत होती. त्यात 'शोधणाऱ्या व्यक्तीने साफ केलेला' असं वाक्य होतं, ते आता काढलं तरी चालेल असं तिने कळवलं. मावशींनी उत्तर पाठवलं की काढू नये, उलट चिंचेने असं घालावं, म्हणजे पुढच्यांना कशाने जातं ते कळेल. त्याप्रमाणे ते तिथे आहे.

जूनमध्ये आम्ही बघायला गेलो. काचेच्या छोट्या पेटीत करड्या कापडावर दोघे शेजारी शेजारी: एक हिरवा, निळ्या-लाल पाकळ्यांचा, आणि एक लखलखीत, बोडका. मावशी काठी टेकून उभ्या होत्या. कुठल्यातरी शाळेची सात-आठ वर्षांची मुलगी काचेला नाक लावून बघत होती. तिने वर बघून इंग्रजीत विचारलं, हे दोन सारखेच आहेत तर हा एवढा शायनी का?

पाटीवर लिहिलेलं होतं. मावशींना "तिथे वाच" म्हणता आलं असतं. त्या कष्टाने थोड्या वाकल्या आणि म्हणाल्या, "बिकॉज आय वॉश्ड इट."

"का?"

"मला वाटलं घाण आहे."

मुलीने विचार केला. "दॅट्स ओके," ती म्हणाली, "यू फाउंड द अदर वन." आणि मैत्रिणींकडे पळाली. मावशींनी तिच्याकडे बघून मान हलवली, एखाद्या बरोबर आलेल्या रिपोर्टवर सही करावी तशी. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचं नव्हतं.

परतताना त्यांनी गाडी आपल्या भारतीय दुकानाशी थांबवायला सांगितली. त्या आत गेल्या, मी बाहेर थांबले. त्या रविवारी त्यांच्याकडे आमटी होती. चिंच-गुळाची. मी तीनदा भात घेतला.

जुलैत रोहिणी त्यांना न्यायला आली. व्हॅनमध्ये डबे चढवताना ती कुरकुरत होती, "आई, हा सगळी डबे कुठे ठेवणार तू? माझा घर छोटी आहे." मावशी म्हणाल्या, "लेबलं वाचून ठेव, राहतील." मग त्यांनी एक डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. कानातलं मशीन त्यांनी काढून ठेवलं होतं, त्यामुळे मी जे बोलले ते त्यांना ऐकू गेलं नसेल.

व्हॅनचं चाक आमच्या लॉनच्या कडेवर चढल्याने गवत उचकटलं होतं. मावशी गाडीत बसायला निघाल्या होत्या त्या मागे वळल्या. काठीचा आधार घेऊन त्यांनी ते गवत बुटाने जागच्या जागी सरकवलं, एकदा दाबलं, दुसऱ्यांदा दाबलं, आणि मग गाडीत बसल्या. त्यानंतर आमचं फोनवर बोलणं झालं, पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. त्या हिवाळ्यात लीड्सहून रोहिणीचा फोन आला, मावशी गेल्याचा.

गाडी वळणावरून गेल्यावर मी डब्यावरचं लेबल वाचलं होतं. तेच अक्षर, त्याच चार ओळी.

"चिंच. दुकानात, खालच्या फळीवर मिळाली. जून. साफ केली: हो, कुमुदने."